खाऱ्या पाण्याची सोयरीक

समुद्र आमच्यापासून इतका लांब की माझ्या आईने तो अजून पाहिलेला नाही. तरी बुलढाण्याच्या माझ्या भाड्याच्या घरात, पुढच्या खोलीत, मी बरीच वर्षं समुद्राचे मासे पाळले. गोड्या पाण्याचे नव्हेत. ते कोणीही पाळतं, आणि मला जे कोणीही करतं ते करायचा पहिल्यापासून कंटाळा आहे. नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेले, बोटभर लांबीचे क्लाऊनफिश. मुंबईचा दुकानदार थर्माकोलच्या पेटीत घालून ते ट्रॅव्हल्सच्या गाडीने पाठवायचा आणि सकाळी स्टँडजवळ उतरवून घेताना क्लीनर दर वेळी विचारायचा, "मॅडम, जिवंत आहे का काही आतमध्ये?"

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असे. लग्न केलं नव्हतं. राहून गेलं असं लोक म्हणत. राहून वगैरे काही गेलं नव्हतं, मी ते होऊ दिलं नव्हतं, पण प्रत्येकाला हे समजावून सांगत बसण्याइतका धीर माझ्यात नाही. माझा धाकटा भाऊ आणि आई गावी शेती बघत. आमचं गाव नांदुऱ्याच्या पुढे, पूर्णेच्या काठी, खारपाणपट्ट्यात. तिथल्या विहिरीचं पाणी मचूळ, खारट. चहा केला तर दूध फाटतं, डाळ शिजता शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही.

म्हणून मी पहिल्यांदा टाकी मांडली, समुद्री मिठाची बादली फोडली आणि शुद्ध पाण्यात ते मीठ मोजून कालवायला बसले, तेव्हा माझ्याकडे आलेल्या आईला खरंच वाईट वाटलं.

"अवं, पैसे देऊन मीठ काऊन कालवतं तू? आपल्या विहिरीचं पाणी खारंच हाय ना. भावाले सांग, दोन डबे आणून देते."

मी समजावून सांगितलं की खारं आणि खारं यात फरक असतो. समुद्राच्या पाण्यात काय काय असतं, आपल्या पाण्यात काय नसतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शेजारणीला सांगितलं की पोरगी शिकून शिकून मिठाच्या मागे लागली.

सुरुवातीला मी दोन लहान मासे आणले होते. या माशांचं एक आहे. पिल्लं असतात तेव्हा यांच्यात ना धड नर असतो ना मादी. दोघांत जो आकाराने आणि स्वभावाने वरचढ निघतो, त्याची मादी होते. दुसरा नर राहतो, लहानच राहतो आणि तिच्या मर्जीने वागतो. वर्गात हे शिकवलं की मागच्या बाकांवर हशा पिकायचा. माझ्या दोघांतली एक अशीच मोठी झाली. दुसरा मात्र झाकणाच्या फटीतून बाहेर उडाला आणि सकाळी मला फरशीवर सापडला. मी त्या दिवशी कॉलेजला गेले नाही. माशासाठी रजा घेतली हे कुणाला सांगितलं नाही, एवढंच.

उरलेली एकटी वर्षभर टाकीत फिरत राहिली. दगडाच्या एका कपारीवर तिने मालकी सांगितली होती. मी काच पुसायला हात घातला तर येऊन चावायची. दात असे काही नसतात, पण अपमान होतो. तिला जोडीदार आणायचा मी ठरवलं तेव्हा पहिला प्रश्न आकाराचा होता. तिच्याएवढा आणला असता तर दोघांनी एकमेकांना मारून टाकलं असतं. बराच लहान हवा, कोवळा, ज्याचं अजून काही ठरलेलं नाही असा. दुकानदाराने तसा पाठवला.

त्याला मी सरळ सोडलं नाही. भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात घालून तो डबा टाकीतच लटकवला. पाणी दोघांना एकच, पण मध्ये भिंत. ती पहिल्या दिवशी डब्यावर धडका देत होती. तो कोपऱ्यात दबून बसला. त्याच सुमारास माझा भाऊ बाजाराला बुलढाण्यात आला होता. तो आला की आधी मी त्याला साबणाने हात धुवायला लावायची, कारण फवारणीचा हात चुकून पाण्यात गेला तर सगळं संपलं. हात धुऊन, पँटला पुसून तो टाकीसमोर उकिडवा बसला.

"ताई, हे काय करून राह्यली तू? पाहण्याचा कार्यक्रम?"

"तसंच समज."

"यात पोरगी मोठी अन् पोरगा लहान?"

"हो."

"अन् पसंती कोनाची?"

"तिची."

डब्यातल्या लहानग्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "याची हालत माह्यासारखीच हाय म्हणा की."

तेव्हा आम्ही दोघं हसलो. पण ते खरं होतं. तिशी ओलांडली होती त्याने. दिसायला चांगला, निर्व्यसनी, शेती स्वतःची. आणि तेच आडवं येत होतं. मुलीकडचे पहिला प्रश्न विचारायचे, नोकरी काय? दुसरा विचारायचे, गाव कुठलं? खारपाणपट्टा म्हटलं की तिसरा प्रश्न विचारायची वेळच येत नसे. शेतकऱ्यांच्याच घरचे लोक शेतकऱ्याला मुलगी द्यायला तयार नव्हते, आणि मी त्यांना दोष देऊ शकत नव्हते, कारण मीही त्याच घरातून शिकून बाहेर पडले होते.

डब्यावरच्या धडका हळूहळू कमी झाल्या. मग ती नुसती येऊन बघून जायला लागली. शेवटी मी डबा उघडला. ती सरळ त्याच्या अंगावर गेली. तो पळाला नाही. तो जागच्या जागी कलंडला आणि थरथर कापायला लागला, सबंध अंग. या माशांच्यात त्याचा अर्थ असा की बाई, तू मोठी, मला मान्य आहे. तिने त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि आपल्या कपारीकडे निघून गेली. थोड्या वेळाने तो तिच्या मागे गेला. तिने त्याला आत येऊ दिलं. मी एकटीच होते घरात, तरी मोठ्याने "वा गं वा!" म्हणाले.

पुढच्या वर्षी बोंडअळीने कापूस खाल्ला. बीटीचं बियाणं आलं तेव्हा अळीचं नाव निघणार नाही असं सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि सुरुवातीची काही वर्षं नव्हतंही निघालं. त्या वर्षी भावाने खिशातून एक बोंड काढून माझ्या टेबलावर ठेवलं. बाहेरून हिरवं, टणक, काही खोट नाही. त्याने नखाने ते फोडलं. आत गुलाबी अळी, आणि सरकी पोखरून गेलेली. मी शिक्षिकेच्या सवयीने तिच्याकडे वाकून बघितलं, तर तो म्हणाला, "पाहू नको तिच्याकडं. मी सकाळपासून तेच करून राह्यलो."

मग त्याने सांगितलं की चिखलीकडचं एक स्थळ आलं आहे. लोक घर बघायला येणार आहेत, मुलगीही येणार आहे. "हे शेवटचं, ताई. इथं नाही जमलं तर शेत बटईनं देतो अन् पुण्याले जातो. कंपनीच्या गेटवर जागा हाय म्हणते आपला एक जण. निदान कोनी नोकरी काय म्हून विचारलं तर सांगता येईन." मातीशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. आवडतही नव्हतं. गेटवर खुर्चीत बसलेला माझा भाऊ मला डोळ्यांसमोर आणवेना. मला रडू आलं आणि ते लपवायला मी त्याच्यावरच ओरडले, की चपला बाहेर काढून येत जा.

आता पाण्याची गोष्ट. आमच्या पट्ट्यात मुलीकडचे येणार असले की आधी पाण्याची सोय बघतात. नळाला चार-पाच दिवसांनी एकदा पाणी येतं, ते संपलं की विहीर. पाहुण्यांच्या हातात पहिल्यांदा जातो तो पाण्याचा ग्लास, आणि त्या एका घोटावर सोयरीक फिसकटते, म्हणून घरोघर लोक बाहेरून गोड पाणी आणून ठेवतात. सगळ्यांना ठाऊक असतं, कोणी बोलत नाही. आईने मला फोनवर सांगितलं, "येतानी तुह्याकडचं गोड पानी घेऊन ये." मला संताप आला. लग्नानंतर ती मुलगी काय पिणार, असं मी विचारलं. आई म्हणाली, "ते मंग पाहू. आधी येऊ तर दे." आईशी वाद घालून मी आजवर एकदाही जिंकलेली नाही.

माझ्याकडे पाण्याचे निळे जार असत, वीस लिटरचे, दिसायला सगळे सारखे. त्यातल्या एकात मी टाकीसाठी कालवलेलं खारं पाणी भरून ठेवायची, आणि घोटाळा नको म्हणून त्याच्या गळ्याला लाल नाडा बांधायची. त्या सकाळी भाऊ ओळखीच्या कुणाची तरी गाडी घेऊन मला न्यायला आला. मी आत साडीच्या निऱ्यांशी झटत होते. आतूनच ओरडले, "एक जार गाडीत टाक, दुसरा टाकीपाशी आणून ठेव." त्याने ओट्यावर दोन जार बघितले. एकाला नाडा बांधलेला. शुभकार्याला कलशाला बांधतात तसा. बहिणीने आपल्या कार्यासाठी बांधला असं समजून त्याने तोच उचलला, आणि वर मला सांगितलंही नाही, कारण त्याला भरून आलं होतं. मी घाईघाईत, नाडा न बघताच, टाकीपाशी आलेलं पाणी नळीने टाकीत सोडलं, झाकण लावलं आणि आम्ही राजूर घाट उतरून निघालो.

पाहुणे आले. मुलीचे वडील, मुलीचे मामा आणि मुलगी. वडील शांत. मामा बोलके, पांढरी टोपी, सगळ्या सोयरिकी आपणच जमवल्या अशा थाटात. मुलगी पायरीवरच जरा थांबून अंगणातली तुरीची पेंडी बघत होती. मला ती तेव्हाच आवडली. आईने पितळी ताटात ग्लास मांडून आणले. मामांनी तहानलेल्या माणसासारखा मोठा घोट घेतला आणि त्यांचे डोळे विस्फारले. घोट तोंडातच राहिला. वडिलांनी मात्र भिडेखातर गिळला. मुलीनेही गिळला आणि ग्लासाकडे बघत राहिली.

आईला काहीच कल्पना नव्हती. ती कौतुकाने म्हणाली, "घ्या ना, लाजू नका. गोड हाय आमचं पानी."

मामांनी कसाबसा घोट उतरवला. "बाई, हे पानी तुमी पेता?"

मी माझा ग्लास तोंडाला लावला. जिभेला कळायला क्षणही लागला नाही. तो समुद्र होता, माझ्या हाताने मोजून कालवलेला. आणि त्याच क्षणी दुसरं कळलं, की मग टाकीत गेलं ते गोडं पाणी. माझे मासे तिकडे आणि माझा भाऊ इकडे, दोघांच्याही जिवावर बेतलेलं. बरं, सांगावं काय? हे माशांचं पाणी आहे म्हणावं, तर लपवायला गोड पाणी आणत होतो हे उघडं पडतं. गप्प बसावं, तर या घरात लोक समुद्र पितात असं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच माझी जीभ टाळ्याला चिकटली.

भाऊ बोलला. तो जागेवरून उठला, माझ्या हातातला ग्लास घेऊन त्याने चव बघितली, आणि त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"हे मासोळीचं पानी हाय," तो म्हणाला. "माही ताई बुलढान्यात मासोळ्या पाळते, समुद्राच्या. तुमच्यासाठी गोड पानी आनलं होतं आमी, डबा बदलला. चूक माही." मग ग्लास ताटात ठेवून म्हणाला, "आमच्या घरचं पानी गोड नाही. आनतो, पेऊन पाहा."

आईने डोळे मिटून घेतले. तो आतून तांब्या भरून घेऊन आला, विहिरीचं पाणी, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात थोडं थोडं ओतलं. समुद्रानंतर ते पाणी अमृत लागलं असणार. मामा एक घोट घेऊन खुशीत म्हणाले, "हे तर बरं हाय बुवा!" आणि वडील, जे तोवर एक शब्द बोलले नव्हते, ते खो खो हसत सुटले.

मुलगी हसली नाही. तिने तिचं पाणी संपवलं. "रोज हेच पिता?"

"नळाचं भरून ठेवतो. संपलं की दुरून आनतो, नाही जमलं तर हेच."

"दुरून आणतं कोण?"

"मीच आनतो. मायचे गुडघे गेले." त्याने तांब्या खाली ठेवला. "पुढंबी मीच आनीन."

"आणि पुण्याला जाणार म्हणे तुम्ही?"

"पोरगी भेटत नाही म्हून जानार होतो," तो म्हणाला. मामांनी कपाळाला हात लावला.

परतीचा त्यांचा रस्ता बुलढाण्यावरूनच जात होता. मी टाकीची काळजी बोलून दाखवली तेव्हा मुलगी म्हणाली, "आम्हाला दाखवा ना ते मासे." मामांच्या मनात नव्हतं, पण वडील म्हणाले, बघू. दोन गाड्या पाठोपाठ घाट चढून आल्या. कुलूप उघडून मी चपलांसकट टाकीपाशी धावले.

दोघं जिवंत होते. मोठी जरा मलूल, तळाशी, आणि लहानगा तिला खेटून. मी पाण्याचा खारेपणा मोजला. उतरला होता, पण जीव जाण्याइतका नाही. टाकी मोठी होती आणि जार एक, म्हणून वाचले. आता मीठ एकदम वाढवायचं नव्हतं, दर दिवशी थोडं थोडं. मी खाली बसून घेतलं आणि सर्वांसमोर पदराने डोळे पुसले. कुणाला काय वाटायचं ते वाटो.

मुलगी काचेजवळ वाकली होती. भाऊ दोन हात अंतरावर उभा.

"यातला नवरा कोणता?"

"तो लहाना," भाऊ म्हणाला.

"तिला विचारलं होतं का कोणी?"

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "विचारलं होतं. त्याला डब्यात ठेवला होता, तिच्यासमोर. तिचं डोकं शांत होईपर्यंत, तिने नीट बघून घेईपर्यंत. मग सोडला."

तिने मान हलवली. मामा दारातूनच म्हणाले, "झालं ना आता पाहनं? मनात काय हाय ते सांगून टाक, म्हंजे बोलनी करता येते." तिने वडिलांकडे बघून हळूच म्हटलं, "बाबा, मला थोडे दिवस द्या." मामा चिडले. असं कुठं असतं, लोक ताटकळत राहतात, मुलीला काय कळतं. मग मात्र माझी जीभ सुटली. मी म्हणाले, "मामा, मी माशाला दिले होते. तुम्ही भाचीला द्या." वडील उठले आणि जाताना त्यांनी मला वाकून नमस्कार केला, मी वयाने लहान असूनही. मला जे कधी कुणी दिलं नव्हतं ते तिला मिळताना बघून बरं वाटलं, आणि थोडा हेवाही वाटला.

दिवस गेले. भाऊ हरभऱ्यात गुंतला. तो फोनवर त्या विषयावर बोलत नसे आणि मी विचारत नसे. आई मात्र दोघांच्या वाटचं मला रोज विचारायची. गावात कोणीतरी म्हणालं की थोडे दिवस म्हणजे नकारच असतो. भावाने पुण्याच्या माणसाला फोन करून जागा अजून आहे का ते विचारलं, हे मला आईकडून कळलं. मी टाकीत रोज थोडं खारं पाणी घालत राहिले.

मग एका दुपारी मला दिसलं की दोघं मिळून कपारीजवळचा दगड तोंडाने घासताहेत, स्वच्छ करताहेत. दोनेक दिवसांत त्यावर नारिंगी अंडी होती, पोळीवर खसखस पेरावी तशी. ती घालून मोकळी झाली. तो लहानगा मात्र हलेना. पंखांनी सारखं पाणी घालत होता अंड्यांवर, खराब अंडं तोंडाने उचलून टाकत होता. मी खुर्ची ओढून समोर बसले होते तेव्हाच फोन वाजला. अनोळखी नंबर.

"ताई, मी बोलते," ती म्हणाली. वडिलांचा फोन नव्हता, मामांचा नव्हता. तिचा स्वतःचा. "मासे कसे आहेत?"

मी सांगितलं. अंडी झालीत, बाप राखण करतोय, रात्रंदिवस एकटाच राबतोय.

तिच्या मागे कुठेतरी गुरं हंबरत होती.

"त्यांना सांगाल?" ती म्हणाली. "पाणी एकट्याने आणायचं नाही. मी असेन बरोबर."